लिव्हर टॉनिकनं भूक लागली, पण अप्पा दिवसभर झोपतात

शेंगाचटणी | ६ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

अप्पा म्हणजे माझे वडील, वय ६८. टॉवेलच्या कारखान्यात चाळीस वर्षं यंत्रमागावर होते. माणूस काटक. कडक भाकरी नुसत्या शेंगाचटणीबरोबर कडाकडा चावून खाणार आणि वर म्हणणार, दगड दे, तोबी पचवतो. दिवाळीपासून मात्र जेवण अर्ध्यावर आलंय. चार घास गेले की पोट टच्च, आंबट ढेकर, तोंडाला चव नाही. सदरे अंगावर ढगळ व्हायला लागलेत. 'लिव्हर कमजोर झालंय' हे निदान त्यांनी स्वतःच केलं आणि कट्ट्यावरच्या मित्रांनी त्याच्यावर शिक्का मारला.

दीड महिन्यापूर्वी त्याच कट्ट्यावरच्या एकाच्या सांगण्यावरून पेठेतल्या एका दुकानातून लिव्हरचं टॉनिक आणलं. दोन्ही वेळा जेवणाआधी दोन-दोन झाकणं. आठवड्याभरात भूक लागायला लागली! आई इतकी खूश झाली की टॉनिकच्या बाटलीला देव्हाऱ्याच्या शेजारी जागा मिळाली.

पण आता अप्पा दिवसभर पेंगतात. पेपर उघडला की पाचव्या मिनिटाला हनुवटी छातीवर. तोंड कोरडं पडतं म्हणून तांब्या उशाशी. आणि काल भावाला हळूच म्हणाले, लघवीला गेलं तर पाच-पाच मिनिटं सुरूच होत नाही. भाऊ म्हणतो वय झालं. आई म्हणते उन्हाळा आहे (पारा ४१ च्या वर, तिचंही चूक नाही). अप्पा म्हणतात टॉनिक लागू पडतंय, झोप येणं म्हणजे शरीर भरून निघणं.

मला काही हे पटत नाही. लिव्हरच्या टॉनिकनं झोप येते का? कुणाला अनुभव?

पाणीआज_येणार | ६ एप्रिल, रात्री ११:०५

शेंगाताई, आपल्या सोलापुरात लिव्हर कमजोर नसलेला माणूस दाखवा, मी हुरडा पार्टी देतो. आमच्या वडलांचं कमजोर, चुलत्याचं कमजोर, शेजारच्या तेलगू काकांचं तर जन्मापासून कमजोर. शाळेत असताना माझंबी होतं. रोज सकाळी एक चमचा काळं औषध. आई नाक दाबून तोंडात ओतायची आणि वरनं गुळाचा खडा. मी त्या खड्यासाठी लिव्हर कमजोर ठेवलं होतं ओ.

झोपेचं मात्र काय ऐकलं नव्हतं. जाणकार येऊ द्या, मी हितंच बसलालो.

आजोळ_अक्कलकोट | ७ एप्रिल, सकाळी ६:२०

अगं, त्या बाटल्या कशाला? आमच्याकडे पोट फुगलं की ओवा नि सैंधव तव्यावर कोमट करून चिमूटभर, वर ताक. ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड. उन्हाळ्यात याच्यासारखं दुसरं औषध नाही. अप्पांना रात्रीची भाकरी बंद कर, मऊ भात नि मुगाचं वरण दे चार दिवस. लिव्हर-बिव्हर आपोआप जागेवर येतं.

औषधाची_चिठ्ठी | ७ एप्रिल, सकाळी ९:४८

सोलापुरातच माझं मेडिकल आहे, कुठं ते विचारू नका. गिऱ्हाईकं आधीच बोलून बोलून डोकं खातात.

ताई, एक काम करा. बाटली उलटी करा आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते इथं टाका. पुढच्या बाजूचं वाचू नका, तिथं नुसती ताकद आणि स्फूर्ती असते. 'लिव्हर टॉनिक' हे औषधाचं नाव नाही, ती दुकानाच्या काउंटरवरची भाषा आहे. त्या एका शब्दाखाली मी चार अगदी वेगळ्या वस्तू विकतो. एक, वनस्पतींची सिरपं: भुईआवळी, कुटकी, पुनर्नवा, कासनी असलं. दुसरी, सिलिमरिनची, म्हणजे मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांच्या अर्काची. तिसरी, डायस्टेज-पेप्सिनची, जी खरं तर अन्न पचवणारी एन्झाइम्स आहेत आणि लिव्हरशी त्यांचा संबंध नाही. आणि चौथी जी आहे तिच्याबद्दल मला शंका येतेय, पण आधी लेबल वाचा.

पुणेकर_झालेला_सोलापूरकर | ७ एप्रिल, सकाळी ११:३०

आमच्या घरात लिव्ह ५२ होतं, पिढीजात. ते १९५५ साली बाजारात आलं, म्हणजे माझ्या वडलांपेक्षा मोठं. त्यात काय असतं ते एकदा वाचलं होतं: हिंस्रा, कासनी, काकमाची (आपली कामोणी, ती काळी छोटी फळं खायचो ना शेताच्या बांधावर, तीच), अर्जुन, कासविंदा, मंडूर भस्म वगैरे. त्यानं झोप आल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

गंमत म्हणजे त्याच १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. नाल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हेपटायटिस ई या विषाणूची होती हे कित्येक वर्षांनी कळलं. टॉनिकचा नि साथीचा संबंध नाही, नुसता योगायोग. पण आपल्या देशात लिव्हरची भीती का बसली असेल ते यातून समजतं.

निरोगी_भव_७ | ७ एप्रिल, दुपारी १:१२

[हा प्रतिसाद जाहिरातीच्या कारणास्तव काढला आहे. – संपादक मंडळ]

पाणीआज_येणार | ७ एप्रिल, दुपारी १:४०

काढलं व्हय? मी वाचलालो होतो. २१ दिवसांत लिव्हर नव्यासारखं, केस काळे आणि गुडघेबी.

शेंगाचटणी | ७ एप्रिल, रात्री ९:१५

संध्याकाळी साखर पेठेत जाऊन आले. देव्हाऱ्याजवळून बाटली उचलली तर आईचा चेहरा असा झाला की जणू निरांजन विझवलं.

मागे लिहिलंय: प्रत्येक ५ मिलीत सायप्रोहेप्टाडीन हायड्रोक्लोराइड २ मिग्रॅ, ट्रायकोलीन सायट्रेट २७५ मिग्रॅ, सॉर्बिटॉलचा बेस. झाकण १० मिलीचं आहे, मी पाणी भरून मोजलं.

औषधाची_चिठ्ठी | ७ एप्रिल, रात्री ९:५०

हीच ती चौथी.

सायप्रोहेप्टाडीन हे लिव्हरचं औषध नाहीच. ते ॲलर्जीचं औषध आहे, जुन्या पिढीतलं, सर्दी-खाज-पित्त उठणं यासाठीचं. मेंदूत सिरोटोनिन नावाच्या रसायनाचा मार्ग अडवतं, त्यामुळं भूक वाढते. हा खरा तर त्याचा दुष्परिणाम, पण त्याच गुणावर ते टॉनिक म्हणून खपतं. ट्रायकोलीनमधलं कोलीन लिव्हरमधली चरबी हलवायला मदत करतं असं म्हणतात, तेवढ्यावर खोक्यावर लिव्हरचं चित्र छापायला मोकळे.

आता हिशोब करा. एका झाकणात ४ मिग्रॅ. दोन झाकणं ८. दोन वेळा म्हणजे १६ मिग्रॅ. ॲलर्जीसाठी धडधाकट माणसाला साधारण ४ ची गोळी दिवसातून तीनदा देतात, म्हणजे १२. तुमचे अप्पा ६८ वर्षांचे आणि १६ घेतायत! पेंगणार नाहीत तर काय करतील. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं हे सगळं त्याच औषधाचं. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी पूर्ण बंद होऊन नळी घालायची वेळ येते. काचबिंदू असेल तर तेही वाईट. आणि सॉर्बिटॉलनं पोटात गॅस होतो. म्हणजे ज्या फुगण्यासाठी घेतलं, त्याचीच भर.

आमच्या धंद्याचंच हे पाप आहे हे मान्य करतो. गिऱ्हाईक येतं, 'भूक लागायचं काहीतरी द्या' म्हणतं. चिठ्ठी नसते. नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातं. लेबलवर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या असं असतं, वाचतो कोण?

मु_पो_मोहोळ | ७ एप्रिल, रात्री १०:३१

म्हणून तर म्हणतो, बाटलीच्या नादी लागू नये. आमच्याकडं कावीळ उतरवणारा माणूस होता. गळ्यात माळ बांधायचा. माझ्या चुलतीला बांधली तेव्हा गळ्याशी घट्ट होती, पंधरा दिवसांत बेंबीपर्यंत आली. डोळ्यांनी बघितलंय. कावीळ जाईल तशी माळ वाढते. चुलती अजून ठणठणीत आहे, ८१ वर्षांची. याला काय म्हणणार?

कुटकी | ८ एप्रिल, सकाळी ७:०५

मोहोळकर काका, नमस्कार. मी वैद्य आहे, त्यामुळं मी तरी तुमच्या बाजूनं बोलेन असं वाटलं असेल. नाही बोलणार.

ती माळ बहुतेक पुनर्नव्याच्या, म्हणजे घेटुळीच्या ओल्या काड्यांच्या तुकड्यांची असते. तुकडे विशिष्ट गाठींनी बांधतात. काड्या सुकल्या की बारीक होतात, गाठीतला दोरा मोकळा होतो, माळ लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यात किंवा नुसती खिळ्याला टांगली तरी लांबते. हात धुतल्यावर पिवळं पाणी निघतं तो प्रकारही तसाच, हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, वरून चुन्याची निवळी. आणि चुलतीबाई बऱ्या झाल्या कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. श्रेय माळेला गेलं. फक्त गरोदर बाई असेल तर हेपटायटिस ई जिवावर बेततो, तिथं माळेची वाट बघत बसणं म्हणजे खेळ आहे. नाकात कडू रसाचे थेंब टाकणारेही आहेत, त्यानं नाकातलं अस्तर सोलून पिवळं पाणी गळतं आणि लोकांना वाटतं कावीळ गळली.

शेंगाताई, आता तुमच्या अप्पांचं. भूक न लागणं म्हणजे लगेच यकृत, हे समीकरण आमच्या शास्त्रातही नाही. त्याला आम्ही अग्निमांद्य म्हणतो आणि त्याची कारणं पन्नास. आजोळताईंचा ओवा-ताकाचा सल्ला साध्या पोटफुगीला उत्तम आहे. हिंग्वाष्टकसुद्धा, पहिल्या घासाला तुपाबरोबर. पण आंबट ढेकर आणि जळजळ असताना हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी पोटात घालणं म्हणजे चुलीत रॉकेल. म्हणून विचारते, जेवल्यावर दुखतं का? कुठं दुखतं? आणि वजन किती उतरलंय?

शेंगाचटणी | ८ एप्रिल, सकाळी ८:३०

दिवाळीत ६४ होतं. काल भावानं नेऊन काट्यावर उभं केलं, ५८ भरलं. दुखतं म्हणतात, छातीच्या खाली मधोमध. बोट ठेवून दाखवतात.

डॉ_निवांत | ८ एप्रिल, दुपारी २:५५

फिजिशियन आहे, पोटविकारतज्ज्ञ नाही. इथं बसून निदान करत नाही, पण हे वाचून गप्प बसवत नाही.

साठीनंतर नव्यानं सुरू झालेलं अपचन आणि पाच महिन्यांत ६ किलो वजन कमी, एवढ्यावरच दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) ठरते. टॉनिक कुठलं, हा प्रश्न नंतरचा. टॉनिक आज बंद करा. यात सर्वांत मोठी गडबड ही झाली की त्यानं कृत्रिम भूक आणली, सगळे निर्धास्त झाले आणि दीड महिना गेला.

लिव्हरबद्दल एक सांगतो. उजव्या बरगडीखाली बसलेला हा सव्वा-दीड किलोचा अवयव फार सोशिक. बिघडला तरी सुरुवातीला पोट फुगणं, ढेकर असली तक्रार सहसा करत नाही. तो तक्रार करतो तेव्हा डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, पायांवर सूज येते, पोटात पाणी होतं. मधोमध बोट ठेवून दाखवलं जाणारं दुखणं बहुतेक वेळा जठराचं किंवा पित्ताशयाचं निघतं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड वन', म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी, असं येतं आणि लोक सिरप शोधत माझ्याकडं येतात. सिरप नाही, वजन ७ ते १० टक्के उतरवा म्हटलं की पुन्हा दिसत नाहीत.

दोन प्रश्न अप्पांना विचारा, आईसमोर नको, भावाला विचारू दे. शौचाचा रंग कधी डांबरासारखा काळा, चिकट झाला होता का? आणि गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी काही गोळ्या चालू आहेत का?

पुणेकर_झालेला_सोलापूरकर | ८ एप्रिल, सायंकाळी ५:२०

डॉक्टरांशी सहमत. पण वनस्पतींची सिरपं सगळी निर्धोक असंही समजू नका. करोनाच्या काळात आमच्या सोसायटीत घरटी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला सूज आल्याचा अहवाल छापला. आयुष मंत्रालयानं त्याला जोरदार हरकत घेतली.

कुटकी | ८ एप्रिल, रात्री ८:१०

ती हरकत मीही घेतली असती, वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नव्हती हा मुद्दा योग्यच होता. पण तुमच्या म्हणण्यातलं 'घरटी उकळत होता' हे मला जास्त टोचतं. काढा पाण्यासारखा पिणं हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय?

माझ्या टोपणनावाचंच घ्या. कुटकी यकृतासाठी आमचं पहिलं औषध. कडूजार, हिमालयात उंचावर उगवते, महाग आहे म्हणून भेसळीला मोकळं रान. आरोग्यवर्धिनीत इतर सगळ्या द्रव्यांच्या बेरजेइतकी एकटी कुटकी असते. लोकांना एवढंच माहीत असतं आणि दुकानातून डबी आणतात. त्यात कज्जली आहे, म्हणजे पारा आणि गंधक, शिवाय ताम्रभस्म. हे वैद्यानं नाडी-पोट बघून, मोजून, ठरावीक दिवस द्यायचं औषध. आणि कुमारीआसवाची बाटली तर दारू सोडलेल्या माणसाला लिव्हर सुधारायला म्हणून देताना पाहिलंय. आसवात आंबण्यातून तयार झालेलं मद्य असतं हो!

पाणीआज_येणार | ८ एप्रिल, रात्री ८:४४

वैद्यताई, आमच्या एका मित्राला तेच लागू पडलं होतं. रोज तीन बाटल्या. आता कळलं का ते.

मु_पो_मोहोळ | ८ एप्रिल, रात्री ९:३०

माळेचं पटलं नाही. पण रागावलो नाही. पुढच्या वेळी एक खिळ्याला टांगून बघतो.

शेंगाचटणी | ११ एप्रिल, रात्री ११:१०

काय सांगू. बसून लिहिते.

टॉनिक बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी झोप गेली. तिसऱ्या दिवशी लघवीही पूर्वीसारखी. आणि भूकही गेली, अगदी दिवाळीनंतर होती तिथंच येऊन ठेपली. आईनं माझ्याकडं 'बघ, चांगलं चाललेलं होतं' अशा नजरेनं बघितलं.

भावानं डॉक्टरांचे दोन्ही प्रश्न विचारले. आधी अप्पा चिडले, शौचाचा रंग काय बघायचा असतो का म्हणून. मग म्हणाले, हो, थंडीत दोन-तीनदा अगदी काळी झाली होती. त्यांना वाटलं आमटीत काळं तिखट जास्त पडलं असेल. कुणाला बोलले नाहीत, कारण आईनं ते तिखट स्वतः कांडून आणलेलं आणि तिला वाईट वाटेल!

गोळ्यांचं मात्र कबूल करेनात. मग आईनं त्यांच्या जुन्या कारखान्याच्या पिशवीतून, जिच्यात ते रेशनकार्ड आणि पेन्शनची कागदं ठेवतात, रिकाम्या पाकिटांची चळत काढली. डायक्लोफेनॅक. चाळीस वर्षं मागापुढं उभं राहून गुडघे गेलेत, ते आम्हाला माहीत होतं. त्यावर हे रोज एक, कधी दोन, तेही सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर, हे नव्हतं माहीत. गेल्या गणपतीपासून. आई पाकिटं मोजत बसली होती. एकसष्ट भरली.

रक्ताचे रिपोर्ट आले. एसजीपीटी २८, बिलिरुबिन ०.७. म्हणजे लिव्हर एकदम ठणठणीत. हिमोग्लोबिन ९.२. सोमवारी एंडोस्कोपी आहे.

औषधाची_चिठ्ठी | ११ एप्रिल, रात्री ११:३५

एकसष्ट पाकिटं. आणि प्रत्येक पाकीट कुणीतरी काउंटरवरून दिलं असणार. झोप उडाली.

डॉ_निवांत | १२ एप्रिल, सकाळी ७:४०

गोळी बंद केली असेलच. जठराच्या आत आम्ल असतं आणि त्यापासून वाचवणारा चिकट थर असतो. तो थर टिकवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ बनवतं. वेदनाशामक गोळी सांध्यातली सूज कमी करते ती हेच पदार्थ बंद करून, आणि तिला सांधा कुठला, जठर कुठलं हे कळत नाही. दुखणं कमी होतं, थर पातळ होतो. मग जखम, मग थेंब थेंब रक्त. ते आतड्यातून जाताना काळं पडतं.

काळजी वाटणं साहजिक आहे, पण आत्ताच वाईटाचा विचार करू नका. रिपोर्ट येऊ द्या.

आजोळ_अक्कलकोट | १२ एप्रिल, सकाळी ८:०२

मीही गुडघ्याला तीच घेते गं. आठवड्यातून दोनदा. आजच विचारते डॉक्टरांना. स्वामी समर्थ अप्पांना बरं करोत.

शेंगाचटणी | २३ एप्रिल, रात्री ९:५५

एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर मी आणि आई बसलो होतो. घशात फवारा मारला, दहा मिनिटांत बाहेर. अप्पा बाहेर आले ते घसा बधिर, बोलता येईना, हातानंच 'काही नाही' अशी खूण. डॉक्टरांनी पडद्यावरचा फोटो दाखवला. गुलाबी अस्तरावर एक पांढरट खड्डा, कडा लाल. बाजरीच्या दाण्याएवढा असेल असं मला वाटलं होतं, तो जवळजवळ दीड सेंटिमीटर निघाला.

तुकडा तपासला. कर्करोग नाही. हे वाक्य मी फोनवर तीनदा वाचायला लावलं.

अल्सर आहे आणि एच. पायलोरी नावाचा जंतूही निघाला. १४ दिवस दोन अँटिबायोटिक्स आणि ॲसिड कमी करणारी गोळी, नंतर ती गोळी पुढं चालू. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, जखम भरली का बघायला. लोहाच्या गोळ्याही आहेत, त्यानं शौच काळं होईल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं, नाहीतर आम्ही पुन्हा धावलो असतो.

अप्पांचा पहिला प्रश्न: 'म्हंजे लिव्हर?' डॉक्टर म्हणाले, तुमचं लिव्हर तुमच्यापेक्षा तरुण आहे. अप्पा जरा हिरमुसले. पाच महिने कट्ट्यावर लिव्हरवर बोललेले ना.

डॉ_निवांत | २३ एप्रिल, रात्री १०:३०

उत्तम. १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करा, सहाव्या दिवशी बरं वाटलं तरी.

या जंतूची गोष्ट मजेशीर आहे. अल्सर म्हणजे चिंता आणि तिखट, असंच जग मानत होतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जंतूचं सांगितलं तर कुणी ऐकेना. १९८४ मध्ये मार्शल स्वतःच त्या जंतूचं पाणी प्याला आणि काही दिवसांत त्याच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तेव्हा वहिनींच्या काळ्या तिखटावरचा आरोप मागे घ्यायला हरकत नाही. अर्थात जखम भरेपर्यंत बेतानंच.

पाणीआज_येणार | २३ एप्रिल, रात्री १०:५१

आमच्याकडं चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी भरून ठेवलेलं असतंय, ते प्यालं तरी नोबेल मिळेल की ओ डॉक्टर.

जोक सोडा, अप्पांचं ऐकून लै बरं वाटलं.

कुटकी | २४ एप्रिल, सकाळी ६:५०

शेंगाताई, कोर्स चालू असताना मधे कुठलीही चूर्णं-काढे सुरू करू नका, माझीसुद्धा. गुडघ्यांसाठी मात्र कोर्स संपल्यावर सोलापुरातल्याच एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवा. स्नेहन (तेल चोळणं), जानुबस्ती (गुडघ्यावर कोमट तेल धरून ठेवणं) असे बाहेरून करायचे उपाय आहेत, जठराला त्याचा त्रास नाही. गुडघा दुखायचा थांबला नाही तर अप्पा पुन्हा ती पिशवी भरतील.

शेंगाचटणी | २ जुलै, रात्री ८:२०

धागा वर आणतेय. परवा दुसरी दुर्बीण झाली, जखम भरली. वजन ६१. हिमोग्लोबिन ११.८. गुडघ्यांना तेल-शेक चालू आहे आणि पॅरासिटामॉल, तीही लिहून दिली तेवढीच. कडक भाकरी आता आमटीत बुडवून मऊ करून खातात आणि दर वेळी ती बुडवताना आईकडं असं बघतात की हिनंच त्यांचा अपमान केलाय.

कट्ट्यावर ज्यानं टॉनिक सुचवलं होतं त्या काकांना अप्पा स्वतः डॉक्टरांकडं घेऊन गेले. काकांना पोटाचा काही त्रास नव्हता. तेही तेच टॉनिक दोन वर्षं घेत होते, झोप चांगली लागते म्हणून!

राधाईची_आई | ९ ऑगस्ट, दुपारी १२:१५

नवीन सभासद आहे. माझी मुलगी ६ वर्षांची आहे, काहीच खात नाही. या टॉनिकनं भूक लागते असं वाचलं. कृपया नाव सांगा, अर्जंट.

औषधाची_चिठ्ठी | ९ ऑगस्ट, दुपारी १२:४०

ताई, नाव नाही सांगणार. दोन प्रश्न विचारतो. दिवसभरात दूध किती कप होतं? आणि बिस्किटांचा डबा तिचा हात पोचेल अशा जागी आहे का?

राधाईची_आई | ९ ऑगस्ट, दुपारी १:०५

चार कप. हो.